नाटकातली चेटकीण, कोर्टातला खटला: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' या नाटकावर लिहिलं होतं आणि या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याच्यावरच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६९२ साल, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स, सेलम नावाचं कट्टर धार्मिक गाव. रात्री जंगलात नाचताना काही मुली पकडल्या जातात, शिक्षेच्या भीतीने त्या म्हणतात आमच्यावर चेटूक झालंय, आणि मग एकेक करून गावातल्या बायकांची नावं घ्यायला लागतात. कोर्ट बसतं, फाशा होतात. जॉन प्रॉक्टर नावाचा एक शेतकरी हे थांबवायला जातो आणि स्वतःच त्यात सापडतो. नाटक रंगमंचावर आलं २२ जानेवारी १९५३ला न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे अमेरिकेत घराघरात कम्युनिस्ट शोधायचं वेड ऐन भरात होतं तेव्हा. नाटकातल्या संवादांत कम्युनिस्ट हा शब्दसुद्धा नाही, आणि तरी बघणाऱ्याला काय ते समजत होतं.

प्रश्न: आमचा हौशी ग्रुप हे नाटक मराठीत करतोय. डायरेक्टर म्हणतो सेलम वगैरे कशाला, सगळं आजच्या काळात आणू, न्यूज चॅनेल, व्हॉट्सअॅप, मोबाइलवरचे व्हिडिओ. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे पटतंय, निम्म्यांना नाही. आणि मुळात मिलरने तरी सरळ मॅकार्थीवरच नाटक का लिहिलं नाही? घाबरला का? — दांडिया बाजारातून एक वाचक

सेलम सोडू नका. डायरेक्टरना माझ्यातर्फे हात जोडून सांगा. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी घाबरण्याचं बघू. ९ फेब्रुवारी १९५०ला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी सिनेटर जोसेफ मॅकार्थीने भाषणात सांगितलं की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची लिस्ट माझ्याकडे आहे. आकडा आधी २०५, मग ५७, मग ८१, दर वेळी वेगळा, आणि लिस्ट कुणी नीट पाहिली नाही, तरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच्याही आधीपासून संसदेच्या खालच्या सभागृहाची एक वेगळी कमिटी नाटक-सिनेमावाल्यांना बोलावून विचारत होती की तुम्ही कम्युनिस्ट पार्टीत होता का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्याबरोबर कोण कोण होतं. (लोक या कमिटीला मॅकार्थीची कमिटी समजतात, पण तो सिनेटमध्ये होता, हे प्रकरण वेगळं.) १९४७ला हॉलीवूडच्या दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, ते तुरुंगात गेले. एप्रिल १९५२मध्ये इलिया कझान या डायरेक्टरने, ज्याने मिलरची नाटकं बसवली होती, जो त्याचा जवळचा मित्र होता, कमिटीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावं घेतली. त्याच वर्षी मिलर सेलमला जाऊन खटल्यांचे जुने कागद वाचत बसला होता. अशा वेळी हे नाटक लिहिणारा माणूस घाबरट नसतो.

बरं, पुढे काय झालं बघा. १९५४मध्ये ब्रसेल्सला या नाटकाचा प्रयोग होता, तिथे जायला मिलरला पासपोर्ट मिळाला नाही. २१ जून १९५६ला कमिटीने त्यालाच बोलावलं. तो म्हणाला माझ्याबद्दल हवं ते विचारा, सांगतो, पण कम्युनिस्टांच्या ज्या मीटिंगांना मी गेलो तिथे दुसरं कोण होतं ते सांगणार नाही. १९५७मध्ये संसदेचा अवमान म्हणून तो दोषी ठरला, १९५८मध्ये अपिलात सुटला. आता हे नाटकाशेजारी ठेवा. तिसऱ्या अंकात म्हातारा जाइल्स कोरी कोर्टात सांगतो की पटनम स्वतःच्या मुलीकडून शेजाऱ्यावर आरोप करवतोय, कारण शेजारी फासावर गेला की त्याची जमीन विकत घ्यायला गावात पैसेवाला पटनमच आहे. न्यायाधीश विचारतात हे तुला कुणी सांगितलं, नाव सांग. कोरी नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की तो माणूसही आत जाणार. मिलरने हे लिहिलं त्यानंतर साधारण चार वर्षांनी तो स्वतः त्याच खुर्चीत बसला आणि तेच उत्तर दिलं.

मग सरळ का लिहिलं नाही? कारण मॅकार्थीचं नाव स्टेजवर घेतलं असतं तर थिएटरमधला प्रत्येक जण पडदा उघडायच्या आधीच आपापली बाजू ठरवून बसला असता. बाजूचे टाळ्या वाजवतात, विरोधातले घरी जाऊन शिव्या देतात, दोघांपैकी कुणीही हलत नाही. सेलमबद्दल कुणाचीच बाजू ठरलेली नसते. माणूस निवांत बघायला लागतो, त्या मुलींचा राग येतो, न्यायाधीशाचा येतो, आणि मध्येच कुठेतरी त्याच्या लक्षात येतं की हे तर्क आपण कालच जेवताना ऐकलेत, कदाचित आपणच बोललोय. ही ओळख त्याची त्याला पटली पाहिजे. तुम्ही स्टेजवर न्यूज चॅनेलचा लोगो लावलात की ती तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतली. म्हणून म्हणतोय, मोबाइल आणू नका.

शिवाय सेलममध्ये जे दिसतं ते आजच्या कुठल्याही भांडणापेक्षा जास्त नागडं दिसतं. या असल्या खटल्यांचं एक यंत्र असतं आणि ते चालतं कसं हे सेलममध्ये स्पष्ट बघायला मिळतं. पहिली गोष्ट, पुरावा कुणाला दिसतच नाही. मुलगी म्हणते अमकीचा आत्मा आत्ता मला चिमटे काढतोय, तो फक्त तिलाच दिसतो, आणि कोर्ट ते धरतं. ती अमकी त्या वेळी चार मैलांवर घरात झोपली होती हे सिद्ध करूनही उपयोग नाही, शरीर घरी होतं, आत्मा आला होता! दुसरी गोष्ट त्याहून भयंकर. आरोप कबूल केलात आणि आणखी नावं दिलीत तर जीव वाचतो, नाकारलात तर फाशी. सेलममध्ये कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही फासावर चढवलं नाही. चढले ते सगळे 'मी काही केलं नाही' म्हणणारे. म्हणजे खोटं बोलणारा वाचतो, खरं बोलणारा मरतो, आणि वाचलेल्याने दिलेल्या नावांवर उद्याचं कोर्ट चालतं. एकदा हे चाक फिरायला लागलं की ते चालवायला कुणी दुष्ट माणूस लागत नाही, घाबरलेली साधी माणसं पुरतात.

खऱ्या इतिहासातलं एक उदाहरण सांगतो, ते मला विसरता येत नाही. रिबेका नर्स, ७१ वर्षांची, गावात मान असलेली, धार्मिक बाई. ज्यूरीने तिला चक्क निर्दोष ठरवलं. त्याबरोबर मुलींनी कोर्टात आरडाओरडा सुरू केला. मुख्य न्यायाधीश स्टॉटन ज्यूरीला म्हणाला, कबुली दिलेल्या एका बाईबद्दल ही रिबेका 'आमच्यातलीच' असं काहीतरी बोलली होती, त्याचा विचार केलात का? ज्यूरीने तिला विचारलं तुम्हाला काय म्हणायचं होतं. तिला कमी ऐकू यायचं, त्या गोंगाटात तिला प्रश्नच कळला नाही, ती गप्प राहिली. गप्प राहिली म्हणून दोषी. १९ जुलै १६९२ला तिला फाशी दिली. यात कुणी कट केलेला नाही हो. सगळे आपापलं काम करत होते.

आता तालमीचं. तुमचं नाटक तिसऱ्या अंकातल्या पक्ष्याच्या सीनवर उभं राहील किंवा पडेल. मेरी वॉरन ही प्रॉक्टरकडे कामाला असलेली मुलगी धीर करून कोर्टात सांगते की आम्ही सगळ्या नाटक करत होतो. न्यायाधीश म्हणतात मग आत्ता बेशुद्ध पडून दाखव. तिला जमत नाही, कारण ते एकटीने जमतच नाही, ते सगळ्या ओरडत असतानाच जमतं (हे वाक्य तुमच्या मेरीला पाठ नको, समजलं पाहिजे). मग ॲबिगेल वर आढ्याकडे बघते आणि पिवळ्या पक्ष्याशी बोलायला लागते, मेरी, माझा चेहरा ओरबाडू नकोस म्हणते. बाकीच्या मुली वर बघतात. मेरी म्हणते थांबवा हे, त्या एका सुरात म्हणतात थांबवा हे. ती म्हणते मी इथे उभी आहे, त्या म्हणतात मी इथे उभी आहे. शेवटी मेरी मोडते आणि प्रॉक्टरकडे बोट दाखवून म्हणते हाच सैतानाचा माणूस.

इथे पक्ष्याचा आवाज टाकू नका, पिवळा लाइट तर मुळीच नको. आढं रिकामं राहू दे. मुलींच्या आवाजाची पट्टी हळूहळू चढू दे, आधी दोघी, मग चौघी, आणि डॅनफर्थ या न्यायाधीशाचं काम करणाऱ्याला सांगा की त्याने एकदा, फक्त एकदा, वर बघायचं. त्या क्षणी प्रेक्षकांतलेही काही जण वर बघतील. तुमचं आजच्या काळात आणणं तिथे झालं.

प्रश्न: सेलममध्ये त्या बायकांना जिवंत जाळलं होतं ना? आमच्या ग्रुपमध्ये वाद झालाय. — रावपुरा

नाही. जाळणं युरोपातलं, तेही सगळीकडे नाही. इंग्लिश कायद्यात चेटकाला फाशी होती आणि सेलम तेव्हा इंग्लंडची वसाहत. १९ जणांना फाशी झाली, त्यात १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरीने आरोप मान्य-अमान्य काहीच बोलायला नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड ठेवत गेले, त्यात तो १९ सप्टेंबरला मेला, वय ऐंशीच्या आसपास. निदान पाच जण तुरुंगातच वारले. आत टाकलेल्यांमध्ये साराह गुडची चार-पाच वर्षांची मुलगीसुद्धा होती, तिला लहान बेड्या घातल्या होत्या.

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे, तिला कॉलेजच्या नाटकात ॲबिगेलचं काम मिळालंय. तिने स्क्रिप्ट वाचली आणि म्हणाली, आई, यात सगळा दोष मुलींवरच टाकलाय, विवाहित माणसाच्या मागे लागलेली वाईट मुलगी आणि बिचारा प्रॉक्टर. मला उत्तर देता आलं नाही. तिचं बरोबर आहे का? — मांजलपूरहून एक आई

बरंचसं बरोबर आहे, आणि इतक्या लहान वयात तिला ते दिसलं याचं मला फार कौतुक वाटलं.

खरी ॲबिगेल विल्यम्स ११ वर्षांची होती. खरा जॉन प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला १७ची केलं, त्याला पस्तिशीतला केलं आणि दोघांमध्ये संबंध होते असं रचलं, इतिहासात त्याला काही आधार नाही. नाटककाराला तो हक्क आहे, प्रॉक्टरच्या मनातल्या अपराधी भावनेशिवाय चौथा अंक उभाच राहत नाही, हेही खरं. पण त्याची किंमत ॲबिगेलने मोजली. अख्ख्या गावाची भीती, जमिनीची भांडणं, पाद्री पॅरिसचं सरपणावरून आणि पगारावरून गावाशी चाललेलं वितुष्ट, उत्तरेच्या सरहद्दीवर आदिवासींशी चाललेल्या लढाया आणि तिथून पळून आलेली अनाथ मुलं, एवढं सगळं मागे आणि पुढे दिसते एका मुलीची सूडबुद्धी. माझ्या मते ही या नाटकातली सगळ्यात कच्ची जागा आहे.

तरी तिला सांगा की काम सोडू नकोस. पहिल्या अंकात एक वाक्य आहे, ॲबिगेल सांगते की तिच्या शेजारच्या उशीवर तिच्या आईबापांची डोकी आदिवासींनी ठेचली आणि ते तिने पाहिलं. बहुतेक जणी ते धमकीच्या सुरात टाकून पुढे जातात, कारण ती त्या वेळी बाकीच्या मुलींना धमकावतेच आहे. तुमच्या मुलीने तिथे थांबावं. ही मुलगी अनाथ आहे, मामाच्या घरी आश्रित आहे, लग्नाआधी मोलकरीण होण्यापलीकडे तिला गावात जागा नाही, आणि एका सकाळी अचानक मोठमोठे न्यायाधीश तिचं ऐकायला लागतात, तिने बोट दाखवलं की बायका तुरुंगात जातात. त्या आधी कुणी तिचं नावसुद्धा नीट घेत नव्हतं. ते मिळालेलं बळ आणि त्याची चटक तिने दाखवली तर प्रेक्षक तिला वाईट म्हणून मोकळे होणार नाहीत.

टिटुबाकडेही तिचं लक्ष वेधा. पॅरिसच्या घरातली गुलाम बाई. पहिली कबुली तिची, आणि ती मिळते कशी, तर चाबकाने मारू, फाशी देऊ म्हटल्यावर. आधी ती नाही म्हणते, मग विचारणाऱ्यांना काय ऐकायचंय ते तिला समजतं आणि ती तेच सांगते. अख्खं यंत्र त्या दोन पानांत सुरू होतं.

आणि खऱ्या मुलींपैकी एकीची गोष्ट. ॲन पटनम (धाकटी) हिने १७०६मध्ये, आईबाप वारल्यावर, चर्चमध्ये सगळ्या गावासमोर आपला माफीनामा वाचला जात असताना उभं राहून तो मान्य केला. न्यायाधीश सॅम्युअल स्यूअलने १६९७मध्ये असंच केलं होतं. स्टॉटनने मात्र शेवटपर्यंत माफी मागितली नाही.

प्रश्न: लहानपणी आजोबा सांगायचे की नाटकांवर बंदीचा इंग्रजांचा कायदा आपल्या बडोद्याच्या मल्हाररावांमुळे आला. हे खरं आहे का, आणि रूपकाचं नाटक आपल्याकडे मिलरच्या आधी होतं की नाही? — प्रतापनगर, निवृत्त

आजोबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि हा प्रश्न विचारलात म्हणून खूप बरं वाटलं, कारण आपल्या शहरात हे माहीत असलेली माणसं कमी होत चाललीत.

नोव्हेंबर १८७४. बडोद्याच्या रेसिडेन्सीत कर्नल रॉबर्ट फेअर हा रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, रोज सकाळी पपनसाचं सरबत प्यायचा. एके दिवशी दोन घोट घेतल्यावर त्याला कसंतरी झालं, त्याने ओतून दिलं, तर तळाला गाळ. तपासात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड निघाली म्हणे. त्याचं आणि मल्हारराव गायकवाडांचं आधीपासूनच हाडवैर. जानेवारी १८७५मध्ये महाराजांना अटक झाली आणि कमिशन बसलं, सहा जणांचं. तीन इंग्रज, आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आणला होता. निकाल बरोब्बर मधोमध फुटला. तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, तिन्ही हिंदी म्हणाले सिद्ध झालेलं नाही. मग सरकारने काय केलं, विषाची गोष्ट बाजूला ठेवली आणि गैरकारभार हे कारण देऊन एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. कारभार वाईट होता यात वाद नाही, पण मुळात खटला त्याचा नव्हता. त्यानंतर आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतलं, तेच आपले सयाजीराव.

या प्रकरणाने सगळीकडे खळबळ उडाली आणि त्याच्यावर लगेच नाटकं आली, खऱ्या नावांनिशी. तिकडे बंगालमध्ये 'नीलदर्पण' या नाटकापासून निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर नाटकं चालली होतीच. पण कायद्याला तात्काळ कारण कलकत्त्याचं झालं. १८७६च्या सुरुवातीला तिथे प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून एका प्रतिष्ठित वकिलाची टर उडवणारं प्रहसन झालं, सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीला नाट्यप्रयोग कायदा पास केला. म्हणजे मल्हाररावांची नाटकं हवेत होती, ठिणगी कलकत्त्याची.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि मला यातली खरी गंमत इथे दिसते. खरी नावं घेऊन लिहायची सोय गेली. मग १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, जे टिळकांबरोबर 'केसरी'त काम करत होते, 'कीचकवध' लिहिलं. महाभारतातली कथा, विराटाचा दरबार, राणीचा भाऊ कीचक सैरंध्रीवर म्हणजे द्रौपदीवर हक्क सांगतो, कंकभट म्हणजे युधिष्ठिर सबुरीने घ्या म्हणतो, बल्लव म्हणजे भीम म्हणतो मारून टाकतो. पुराणातल्या कथेवर कोण बंदी घालणार? पण थिएटरमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल याने अगदी हेच लिहून ठेवलंय, नाव कुठेही येत नाही आणि तरी सगळ्यांना समजतं. १९१०मध्ये बंदी आली. पुराणकथेवर!

फक्त एक फरक सांगतो. 'कीचकवध'मध्ये प्रेक्षक द्रौपदीच्या बाजूचा आहे, भीमाच्या बाजूचा आहे, त्याला शत्रू बाहेर दिसतो आणि परकीय राज्यात ते बरोबरच होतं. 'क्रूसिबल'मध्ये शत्रू बाहेरून आलेला नाही. शेजारी आहे, पाद्री आहे, घरात कामाला असलेली पोरगी आहे. ते बघणं जास्त कठीण जातं.

तो १८७६चा कायदा स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात होता, काही हायकोर्टांनी तो घटनाबाह्य ठरवला तरी केंद्राने अधिकृतपणे रद्द केला तो थेट २०१८मध्ये.

प्रश्न: मग मराठीत 'क्रूसिबल'च्या जवळचं नाटक कोणतं? 'घाशीराम' की 'शांतता! कोर्ट चालू आहे'? — कारेलीबाग

माझं मत 'शांतता'च्या बाजूने. लोक पटकन 'घाशीराम' म्हणतात कारण त्यात इतिहास आहे, सत्ता आहे, जमावाने माणूस ठेचून मारणं आहे. आणि त्यातली ती ब्राह्मणांची रांग, जी कधी भिंत होते, कधी पडदा, कधी भजन म्हणते आणि शेवटी जमाव होते, ती माणसं बदलत नाहीत, तीच माणसं, हे रंगमंचावर इतकं थेट कुणी दाखवलं नव्हतं. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्पष्ट सांगूनही डिसेंबर १९७२नंतर १९ प्रयोगांत ते थांबवलं गेलं, नाना फडणवीसांची बदनामी म्हणून, आणि नंतर नवी संस्था काढून कलाकारांनी ते पुन्हा उभं केलं. पण 'घाशीराम'मध्ये वर नाना बसलेला आहे, दोऱ्या त्याच्या हातात आहेत.

'शांतता'मध्ये वर कुणीच नाही. हौशी नाटकवाले एका गावात प्रयोगाआधी वेळ घालवायला खोटं कोर्ट खेळतात, लीला बेणारेला आरोपी करतात, गंमत म्हणून. आणि त्या गंमतीतून त्यांना तिच्या खऱ्या आयुष्याचा वास लागतो. सामंत हा गावातला भोळा माणूस हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो, सगळ्यांना ठाऊक आहे की तो पुस्तकातलं बोलतोय, आणि तरी ती साक्ष चिकटते. सेलममधला तो न दिसणारा आत्मा आणि सामंतची ती कादंबरी, एकाच जातीचा पुरावा आहे. १९६७मध्ये रंगमंचावर आलेलं हे नाटक पुन्हा काढून वाचा, आणि या वेळी बेणारेकडे नका बघू, न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या बायकोकडे, काशीकरबाईंकडे बघा.

प्रश्न: मी दाहोद जिल्ह्यात शाळेत शिकवतो, शनिवार-रविवार बडोद्याला घरी येतो. तुम्ही चेटकिणीला रूपक म्हणता, पण आमच्या भागात अजून एखाद्या विधवेला डाकण ठरवून मारहाण झाल्याचं ऐकू येतं. तिथे हे रूपक नाही. नववीच्या मुलांना हे नाटक वाचून दाखवावं का? — एक शिक्षक

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शहरातल्या आम्हा लोकांना हे सांगायलाच हवं होतं.

मिलरच्या प्रेक्षकाला चेटकीण नसते हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच ती दुसऱ्या कशाची तरी जागा घेऊ शकली. तुमच्या वर्गात कदाचित एखादा मुलगा असेल ज्याच्या घरात डाकण असते यावर सगळ्यांचा विश्वास आहे, आणि कदाचित एखादी मुलगी असेल जिच्या आजीकडे गाव बोट दाखवतं. त्यांच्यापुढे हे नाटक वेगळंच होईल. पण यंत्र तेच आहे. मूल आजारी पडतं किंवा म्हैस मरते, भुवा म्हणजे मांत्रिक नाव सांगतो, आणि नाव बहुधा एकट्या बाईचं निघतं, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो आणि ज्यावर दिराचा किंवा पुतण्याचा डोळा असतो. पटनमची जमीन इथेही आहेच. बिहारने १९९९मध्ये, झारखंडने २००१मध्ये आणि त्यानंतर छत्तीसगड, ओडिशा, राजस्थान, आसामने याविरुद्ध खास कायदे केले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं लढले, २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला. आपल्या गुजरातचा अशा अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आला २०२४मध्ये.

वाचून दाखवा, पण अख्खं नको आणि ॲबिगेल-प्रॉक्टर प्रकरण तर या वयाला बाजूलाच ठेवा. तिसऱ्या अंकातला मेरी वॉरनचा सीन घ्या, साध्या गुजरातीत किंवा मुलांच्या बोलीत करून, आणि कामं बदलत राहा. आज जो न्यायाधीश तो उद्या मेरी, परवा आरडाओरडा करणाऱ्यांत. आधी काही समजावून सांगू नका. आपल्या गावाचं नाव तुम्ही घेऊ नका, मुलांनी घेतलं तर अडवू नका, पण कुठल्या बाईचं नाव वर्गात यायला लागलं तर तिथेच थांबवा आणि त्या मुलाशी नंतर एकट्याने बोला. आणि वर्गात अशी एखादी मुलगी आहे असं तुम्हाला आधीच माहीत असेल, तर सुरू करण्याआधी तिच्या आईला भेटा, ती नको म्हणाली तर हे नाटक या वर्षी राहू द्या. १८१, म्हणजे 'अभयम' हेल्पलाइन, गुजरातमध्ये बायकांसाठी चोवीस तास चालते, तो नंबर फळ्यावर लिहून ठेवायला मात्र कुठल्याच नाटकाची वाट बघू नका.